घडविणाऱ्याचा अधिकार

कावेरीच्या काठी वसलेल्या कुंभकोणम क्षेत्रात श्रीरामस्वामींचे एक भव्य मंदिर आहे. तंजावरचा राजा रघुनाथ नायक याच्या काळात, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ते पूर्ण झाले. या मंदिरात हनुमंताचे जे दर्शन घडते ते अन्यत्र क्वचितच घडते. येथे हनुमंताच्या हाती वीणा आहे. ज्याने समुद्र उल्लंघिला, लंका जाळिली, द्रोणागिरी उचलून आणिला, त्याच्या हाती प्रभूच्या सन्निध एक नाजूक तंतुवाद्य आहे. सर्व पराक्रम करून झाल्यावर सेवकाच्या हाती काय उरावे, याचे उत्तर त्या मूर्तीत मूकपणे दिलेले आहे.

ही मूर्ती याच राजाच्या मंदिरात असावी हेही अर्थपूर्ण आहे. दक्षिणेत आज चोवीस अचल पडद्यांची जी वीणा वाजविली जाते, तिला ते रूप रघुनाथ नायकाच्या काळात प्राप्त झाले असे संगीताचे इतिहासकार मानतात. पुढे 1676 पासून 1855 पर्यंत तंजावरास भोसल्यांचे राज्य होते. त्या राज्यातही वीणेचा मान उणावला नाही.

वीणेकडे पाहिले म्हणजे विचारी मनुष्याच्या मनात एक प्रश्न सहज उभा राहतो. या वाद्याचा नाद कोणाचा? लाकूड फणसाचे, घडण सुताराची, धन घेणाऱ्याचे, बोटे वादकाची आणि तृप्ती ऐकणाऱ्याची. यांपैकी प्रत्येकजण ‘माझे’ असे म्हणू शकतो, आणि तसे म्हणताच दुसरे चारजण ते खोडून काढू शकतात. हा प्रश्न वरवर वाद्यापुरता दिसतो; वस्तुतः तो प्रत्येक गृहस्थाचा आहे. मनुष्य घर बांधतो, धंदा उभारतो, मुलांना वाढवितो. जे आपण आपल्या हातांनी घडविले त्यावर आपला अधिकार कोठपर्यंत चालतो? या प्रश्नाचा निकाल ज्याला लागला नाही त्याचे उतारवय फार दुःखात जाते, हे कोणत्याही कुटुंबात डोळे उघडून पाहिले असता दिसेल.

कुंभकोणम आणि तंजावर यांच्या आसमंतात वाद्ये घडविणाऱ्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. काही वीणा जोडकामाच्या, तर काही अखंड एकाच ओंडक्यातून कोरलेल्या असतात. दांडीवर काळ्या मेणाचा थर देऊन त्यात पितळेचे पडदे बसविले जातात, आणि ते बसविताना कारागीर फूटपट्टीवर विसंबत नाही. तार छेडतो, ऐकतो, मेण मऊ करून पडदा केसभर सरकवितो, पुन्हा ऐकतो. या वीणेस 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कुंभकोणमहून मायिलाडुदुरैकडे जाणाऱ्या वाटेवर नरसिंगमपेट्टै नावाचे गाव आहे. तेथे नागस्वर तयार होते. त्याचे लाकूड आच्चा नावाच्या वृक्षाचे. महाराष्ट्रात त्यालाच अंजन म्हणतात. हे लाकूड ताजे चालत नाही. जुनी घरे पाडली जातात तेव्हा निघालेल्या तुळया आणि खांब कारागीर विकत घेतात. कित्येक वर्षे छपराचा भार वाहून जे लाकूड पूर्ण वाळले, ज्याची वाकण्याची, तडकण्याची सर्व खोड जिरली, तेच नागस्वरास योग्य ठरते. या नागस्वरास 2022 मध्ये मानांकन मिळाले.

या कारागिरांच्या जीवनात एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. वाद्य पूर्ण झाले की ते घराबाहेर जाते. ते कोणत्या देवळात वाजेल, कोणत्या लग्नात वाजेल, कोणाच्या हाती मधुर होईल आणि कोणाच्या हाती कर्कश, यांवर घडविणाऱ्याची सत्ता नाही. सभेत टाळ्या पडतात त्या वादकास. कारागीर त्या वेळी आपल्या ओसरीवर दुसरे लाकूड तासत बसलेला असतो. त्याचा धंदाच त्याला सोडून देण्याचे शिक्षण देतो. तो ग्रंथ न वाचताही फलत्यागाचा थोडाबहुत अभ्यास रोज करतो.

परंतु जो धंद्यासाठी नव्हे, तर आवडीने, स्वतःसाठी अथवा आपल्या मुलासाठी घरी वाद्य घडवितो, त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला ते विकावयाचे नसते. म्हणून त्याला सोडून देण्याचा प्रसंगच येत नाही. त्याच्या प्रत्येक खाचेत त्याचे प्रेम शिरलेले असते, आणि प्रेमाच्या मागोमाग ममत्व येते. त्याची परीक्षा कारागिरापेक्षा कठीण. ही परीक्षा कशी असते हे समजण्यासाठी कावेरीकाठ सोडून क्षणभर दूर जावे लागेल. कारण घरी वाद्य घडविण्याचे एक अतिशय बोधप्रद उदाहरण लंडन शहराच्या एका उपनगरात घडले आहे, आणि ते वाद्य म्हणजे विजेवर चालणारी गिटार होय.

प्रथम हे वाद्य काय आहे ते पाहू. वीणा किंवा साधी गिटार पोकळ असते. तार कंप पावते, तो कंप पोकळीतील हवेत घुमतो आणि मोठा होतो. विजेच्या गिटारचे तसे नाही. तिचे अंग भरीव लाकडाचे असू शकते. पोलादी तारांच्या खाली लोहचुंबक असून त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी असतात. तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेटोळ्यांत अत्यंत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धकातून त्याचा नाद होतो. हे तत्त्व फॅरेडेने 1831 मध्ये दाखवून दिले होते. पोकळ गिटारला अशी योजना लावली तर ध्वनिवर्धकाचा आवाज पोकळीत परत शिरतो आणि घूं घूं असा विचित्र गोंगाट सुरू होतो. म्हणून भरीव अंगाची कल्पना पुढे आली. अमेरिकेतील वादक लेस पॉल याने 1940 च्या सुमारास चार इंच रुंद आणि चार इंच जाड अशा सरळ लाकडी ठोकळ्यावर तारा ताणून असे वाद्य तयार केले. नाद उत्तम होता. पण लोकांना तो ओंडका रुचेना. तेव्हा त्याने एक पोकळ गिटार कापून तिचे दोन पंख ठोकळ्यास दोहो बाजूंनी चिकटविले. पंखांनी नादात काही भर पडली नाही. लोकांचे मन मात्र भरले. मनुष्य पुष्कळदा डोळ्यांनी ऐकतो आणि दिखाऊ गोष्टींनाच सार समजतो, हा बोध येथे वाटेत सहज मिळतो.

आता मुख्य दृष्टांत. लंडनजवळ राहणाऱ्या हॅरल्ड मे नावाच्या गृहस्थाचा ब्रायन हा मुलगा. हॅरल्ड सरकारी विमान खात्यात इलेक्ट्रॉनिक्सचे आराखडे काढण्याचे काम करीत. हाताचा उद्योग त्यांच्या अंगी मुरलेला होता. घरातला रेडिओ, घरातला टेलिव्हिजन त्यांनी स्वतः जोडलेला. मुलाला विजेची गिटार हवी होती. बाजारातील चांगल्या गिटारची किंमत त्या घराला परवडण्यासारखी नव्हती. दुसरा एखादा बाप ‘नाही’ म्हणून मोकळा झाला असता, किंवा कर्ज काढून मोकळा झाला असता. या बापाने तिसरा मार्ग काढला: ‘आपण दोघे मिळून करू.’ 1963 च्या ऑगस्टमध्ये काम सुरू झाले. मुलगा सोळा वर्षांचा होता. काम सुमारे दोन वर्षे चालले.

सामग्री कोठून आली ते पाहण्यासारखे आहे. ओळखीच्या एका घरातील शेकोटीवरची जुनी महोगनीची चौकट मोडीत निघाली होती. शंभरांहून अधिक वर्षांच्या त्या लाकडातून गिटारची दांडी कोरली गेली. लाकडाला किडीने भोके पाडली होती. ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजविण्यात आली. जुन्या ओकच्या टेबलाचे तुकडे, थोडा ब्लॉकबोर्ड आणि वरून महोगनीचा पातळ पापुद्रा यांपासून अंग तयार झाले. तारांचा ताण क्षणभर कमी-अधिक करून स्वर डोलविण्याची जी युक्ती असते, ती एका पोलादी धारेवर तोललेली होती, आणि तिच्या दोन स्प्रिंगा 1928 सालच्या एका जुन्या मोटारसायकलच्या होत्या. त्या युक्तीच्या दांड्याच्या टोकास आईच्या विणकामाच्या सुईचे टोक बसले. पडद्यांमधील खुणेचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या बटणांचे. नरसिंगमपेट्टैचा कारागीर पाडलेल्या घराची तुळई निवडतो आणि लंडनचा हा पिता मोडलेल्या शेकोटीची चौकट निवडतो. दोघांची गाठ कधी पडली नाही, पण लाकडाने दोघांना एकच गोष्ट सांगितली: जे पुष्कळ सोसून स्थिर झाले आहे, तेच सुरात राहते.

या गिटारला चोवीस पडदे होते. वीणेलाही चोवीसच असतात. तारेची लांबी चोवीस इंच. आता येथे एक सूक्ष्म भेद आहे. वीणेचा पडदा मेणात बसतो. चुकला तर सरकविता येतो. गिटारचा पडदा लाकडात करवतीने पाडलेल्या खाचेत ठोकून बसवावा लागतो. चुकला तर चुकला. प्रत्येक पडदा उरलेल्या तारेच्या सुमारे अठराव्या भागावर येतो. अशा क्रमाने बारावा पडदा बरोबर मध्यावर, म्हणजे बारा इंचांवर, आणि चोविसावा अठरा इंचांवर येतो. हे प्रमाण कोणा कारागिराने ठरविलेले नाही. कोणा राजाच्या आज्ञेने ते बदलतही नाही. एकाच तारेला अर्ध्यावर दाबले म्हणजे तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो, हा नियम मनुष्याच्या आधीपासून आहे. घडविणारा तो नियम निर्माण करीत नाही. तो त्यापुढे नम्र होतो. जो जितका नम्र होईल तितके त्याचे वाद्य सुरेल. अहंकाराने खाच केसभर पुढे पाडली तर लाकूड ऐकून घेत नाही.

ब्रायनने नाद टिपणारी चुंबकाची वेटोळीही प्रथम घरीच गुंडाळली. सामान्य वादनात ती ठीक वाजत; पण तार आडवी ओढून मींड घेतली की त्यांतून खरखर येई. वीणेचा प्राण ज्या गमकात असतो ते गमक तार ओढूनच निघते. हे जाणणाऱ्यास त्या खरखरीचे दुःख कळेल. तेव्हा त्याने काय केले? आपल्या हातच्या वस्तूचा हट्ट धरला नाही. ती काढून ठेवली आणि दुसऱ्याने बनविलेली, बाजारात मिळणारी तीन वेटोळी विकत आणून बसविली. ‘सर्व काही मीच केले’ असे म्हणण्याचा आनंद त्याने सुरासाठी सोडला. पुष्कळ कर्तबगार माणसांना नेमके हेच जमत नाही. आपण काढलेली चूक ती आपली आहे एवढ्याच कारणाने ते आयुष्यभर सांभाळतात.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. त्या पाचांपैकी केवळ स्वतःलाच जो कर्ता समजतो त्याची दृष्टी शुद्ध नाही, असा त्या ठिकाणचा आशय आहे. या गिटारला हा विचार लावून पाहावा. जुन्या घरातील चौकट हे अधिष्ठान. पिता-पुत्र हे कर्ते. कानस, पटाशी, चाकू ही करणे. दोन वर्षांच्या संध्याकाळी, पुन्हा पुन्हा फसलेले आणि पुन्हा पुन्हा केलेले प्रयत्न या चेष्टा. आणि दैव? ती चौकट नेमकी त्याच दिवसांत मोडीत निघाली. बापाच्या हाती कला होती. आईच्या डब्यात बटणे होती. आणि कोणा अज्ञात मोटारसायकलच्या स्प्रिंगा अचूक ताणाच्या निघाल्या. यांतील कोणती गोष्ट मुलाने मिळविली? एक पाचवा हिस्साही नव्हे. तरी जग म्हणते, ‘याने गिटार केली.’ व्यवहारात असे म्हणण्यास हरकत नाही. मनात मात्र हिशेब स्वच्छ असावा.

येथपर्यंत गोष्ट गोड आहे. खरी परीक्षा पुढे आहे.

मुलगा हुशार होता. लंडनच्या इम्पीरियल महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकून ग्रहांमधील धुळीवर तो संशोधन करू लागला. डॉक्टरेटची पदवी दृष्टिपथात आली होती. त्याच वेळी त्याची संगीतमंडळी पुढे येऊ लागली. त्या मंडळीतील प्रमुख गायक फारुख बलसारा हा पारशी मुलगा, सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या शाळेत शिकलेला. जगाने पुढे त्याला फ्रेडी मर्क्युरी या नावाने ओळखले. 1974 च्या सुमारास ब्रायनने संशोधन अर्धवट सोडले आणि तो संगीताकडे वळला. पित्याला हा निर्णय फार जड गेला. घरात दुरावा आला.

या ठिकाणी वाचकाने थांबून त्या पित्याच्या अंतःकरणात शिरून पाहावे. ज्या वाद्याने मुलाला विद्येपासून दूर नेले असे त्याला वाटले, ते वाद्य कोणी केले होते? त्यानेच. लाकूड त्याने निवडले, खाचा त्याने तपासल्या, दोन वर्षांच्या संध्याकाळी त्याने दिल्या. एखाद्या परक्याने मुलाला फितविले असते तर त्याला दोष देता आला असता. येथे दोष द्यावयास दुसरे कोणी नव्हते. आपल्या हाताच्या सर्वांत प्रेमळ कृतीचे फळ आपल्याला नको असलेले निघावे, याहून गृहस्थाला कठीण प्रसंग कोणता? त्याची कल्पना अशी असावी की गिटार ही मुलाची हौस आहे; ती संध्याकाळी वाजेल आणि दिवसा मुलगा शास्त्रज्ञ होईल. वाद्य घडविताना त्याने त्या वाद्याचा उपयोगही मनात घडवून ठेवला होता. पहिली घडण त्याच्या अधिकारातली होती, दुसरी नव्हती.

पुढे काही वर्षांनी मुलाने आई-वडिलांना न्यूयॉर्कला आपल्या कार्यक्रमास नेले. हजारो श्रोत्यांनी भरलेल्या त्या प्रचंड सभागृहात पित्याने घरच्या शेकोटीच्या लाकडाचा तो आवाज ऐकला आणि त्याची समजूत पटली. 2002 च्या जूनमध्ये इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात राजवाड्याच्या छतावर उभे राहून ब्रायनने राष्ट्रगीत वाजविले, ते याच गिटारवर. आणि जे संशोधन अर्धवट टाकले होते ते त्याने पुन्हा हाती घेऊन 2007 मध्ये पूर्ण केले. त्याला डॉक्टरेट मिळाली.

परंतु या यशामुळे पित्याची समजूत बरोबर ठरली, असे मानणे चुकीचे होईल. समजा, मंडळी बुडाली असती. समजा, गिटार माळ्यावर धूळ खात पडली असती आणि मुलगा कोठे साध्या नोकरीत स्थिरावला असता. मग दोन वर्षांचे ते काम वाया गेले असे म्हणावयाचे काय? नाही. त्या दोन वर्षांत एका बापाने आपल्या मुलाला प्रमाण, धीर, काटकसर आणि चूक कबूल करण्याचे धैर्य दिले होते. ते त्याच वेळी पूर्ण झाले होते. त्या कर्माला पूर्ण होण्यासाठी राजवाड्याच्या छताची गरज नव्हती. यश आले म्हणून जी निरासक्ती सुचते ती निरासक्ती नव्हे. ती केवळ समाधानी आसक्ती आहे.

येथे काही शंका येतात. पहिली शंका अशी की, फळाची ओढ नसेल तर काम उत्तम कसे होईल? याचे समाधान पडदे बसविणाऱ्याच्या हातांत आहे. तो खाच पाडतो त्या क्षणी त्याच्या मनात टाळ्या असतील तर करवत हलते. त्या क्षणी मनात केवळ रेघ असावी लागते. फळाचे चिंतन कामाला बळ देते अशी समजूत आहे; प्रत्यक्षात ते कामातले लक्ष चोरते. जो फळ बाजूला ठेवतो त्याचे सर्व लक्ष कर्माला मिळते, आणि म्हणून त्याचेच काम उत्तम होते. गीतेने ज्याला सात्त्विक कर्ता म्हटले आहे तो उत्साहहीन नाही. उलट धैर्य आणि उत्साह ही त्याची लक्षणे सांगितली आहेत.

दुसरी शंका: मग आईबापांनी मुलांना काही सांगूच नये काय? सांगावे, अवश्य सांगावे. वाद्य घडविणारा लाकूड निवडतो, ओले लाकूड नाकारतो, पडदा चुकला तर दुरुस्त करतो, तारा सुरात लावतो. यांत कुचराई करणारा कारागीर आळशी होय, विरक्त नव्हे. मुलाचे शील, आरोग्य, सत्यनिष्ठा, श्रमाची सवय यांबाबत आईबापांनी असेच दक्ष असावे. परंतु वाद्य सुरात लावणे वेगळे आणि त्यावर कोणता राग वाजावा हे ठरविणे वेगळे. सूर लावून झाल्यावरही जो खुंटीवरचा हात काढीत नाही, तो वाजविणाऱ्यास वाजवू देत नाही. बहुतेक घरांतील कलह मुलांना वाईट घडविल्यामुळे होत नाहीत. चांगले घडवून झाल्यावरही हात खुंटीवर राहिल्यामुळे होतात.

तिसरी शंका काही सज्जनांच्या मनात येईल की, विजेची गिटार हे परदेशी वाद्य. त्याचा दृष्टांत आपल्याला कशाला? त्यांनी कावेरीकाठचाच इतिहास पाहावा. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी महाराजांनी आपल्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा बाळगला होता. मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधू बालुस्वामी दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी व्हायोलिन कर्नाटक संगीतात आणिले. आज त्याशिवाय तेथील मैफल होत नाही. कुंभकोणमपासून थोड्याच अंतरावरील तिरुविडैमरुदूर येथे सखाराम राव या तंजावरी महाराष्ट्रीय वादकाने गोट्टुवाद्य वाजविले. त्या वाद्याला पडदेच नसतात. तारांवरून लाकडाचा तुकडा सरकवून स्वर काढतात. थोर गायक सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांनी त्यांच्यापाशी शिक्षण घेतले होते. आणि आपल्याच काळात यू. श्रीनिवास यांनी विजेच्या मँडोलिनवर त्यागराजांच्या कृती अशा वाजविल्या की ऐकणाऱ्यांस वाद्याची जात विचारण्याचे भान उरले नाही. 2014 मध्ये, ऐन पंचेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. लाकडाला देश नसतो. त्यातून काय निघते ते वाजविणाऱ्याच्या अंतःकरणावर अवलंबून आहे.

आज कुंभकोणमच्या एखाद्या गल्लीत, किंवा सांगली-मिरजेच्या एखाद्या वाड्यात, मुलगा वडिलांजवळ गिटार मागेल. पैसे नसतील. माळ्यावर फणसाची जुनी फळी असेल. तेव्हा त्या गृहस्थाने ती खाली काढावी, मुलाला जवळ बसवून कानस हाती द्यावी, आणि संध्याकाळचे दोन तास त्याला द्यावे. वाद्य बेसूर निघाले तरी ते तास बेसूर जाणार नाहीत. मात्र आरंभीच मनाशी एक गोष्ट ठरवावी. शेवटची तार चढवून झाली, सूर लागला, की वाद्य दोन्ही हातांनी मुलाच्या हाती द्यावे आणि आपले हात रिकामे झाले आहेत हे पाहावे. त्या रिकाम्या हातांचे दुःख मानू नये. कुंभकोणमच्या मंदिरातील हनुमंताने लंकेवर हक्क सांगितला नाही, संजीवनीवर नाही, सेतूवरही नाही. ज्याचे हात असे मोकळे झाले, त्याच्याच हाती वीणा शोभली.